उसवलेला डोळा

फोन आला तेव्हा कुशनमास्तरांच्या तोंडात बारीक खिळे होते. खुर्च्या-सोफे मढवणाऱ्या माणसाची ती सवयच असते. एका हातात कापड ताणून धरलेलं, दुसऱ्या हातात हातोडी, मग खिळे ठेवणार कुठे? ते ओठांत धरायचे आणि जिभेनं एकेक पुढे सरकवायचा. दाताच्या दवाखान्यातल्या बाकाला नवं रेक्झीन लावायचं काम चाललं होतं. मास्तरांनी फोन खांद्यानं कानाशी दाबला आणि "हं" म्हणाले.

पलीकडे दोरेवाला होता. "मास्तर, वहिनी दुकानात आल्या होत्या. काळ्या दोऱ्याची रिळं बघत होत्या, एकाएकी स्टुलावर बसल्या आणि... मास्तर, वहिनी गेल्या हो. शेजारचे डॉक्टर येऊन बघून गेले."

"हं," मास्तर म्हणाले.

दोरेवाल्याला वाटलं, यांना ऐकू गेलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. मास्तर पुन्हा "हं" म्हणाले. तोंडात खिळे असताना माणसाला दुसरं काही म्हणता येत नाही, आणि ते काढून ठेवावेत हे सुचलंच नाही. तिसऱ्या वेळी दोरेवाला जवळजवळ ओरडला. एकदा ऐकायची गोष्ट मास्तरांना तीनदा ऐकावी लागली.

मग माणसं आली, माणसं गेली. मुलगा आला, चार दिवस राहिला, "बाबा, चला माझ्याकडे" म्हणाला. मास्तर "बघू" म्हणाले. मुलगाही गेला, आणि घर एवढं मोकळं झालं की मास्तरांना त्यात धड उभंही राहता येईना. आयुष्यभर लोकांच्या बुडाखालची सोय बघितलेला माणूस, पण स्वतःला कुठे टेकता येईना. स्वयंपाकघरात जायचे आणि कशाला आलो ते विसरायचे. जिना उतरून खाली कारखान्यात जायचे, एखाद्या खुर्चीचं जुनं कापड फाडून काढायचे, ती तशीच टाकून दुसरी ओढायचे. आठवड्याभरात कारखान्यात नुसते सांगाडे झाले. गिऱ्हाइकं विचारायला यायची आणि मास्तरांचं तोंड बघून न विचारताच परत जायची.

वर खिडकीपाशी बायकोचं टेबल होतं. तिकडे ते जात नसत.

गुरुवारी दार वाजलं. मेहुणी. हातात नेहमीची कापडी पिशवी.

"अगं, हे काय आणलंस?"

"गुरुवार नाही का आज?" ती म्हणाली, आणि मग दारातच थांबली. "सकाळी बाहुल्या भरायला बसले भाऊजी. भरल्या. पिशवीत घातल्या. निम्म्या रस्त्यात आले तेव्हा आठवलं. मग परत कुठे जायचं? आले."

दोघी बहिणी कापडाच्या बाहुल्या करायच्या. खेळण्यांच्या दुकानात त्यांना थोरली आणि धाकटी याच नावांनी ओळखत. अंग धाकटीचं, चेहरा थोरलीचा. धाकटी पांढरं सुती कापड चहाच्या पाण्यात बुडवून अंगाच्या रंगाचं करी, दुहेरी घालून कापी, उलट्या बाजूनं शिवी, कुशीत दोन बोटं जातील एवढी जागा ठेवून तिथून सुलटं करी. मग कापूस. एकदम गोळा कोंबायचा नाही, पिंजून बोटाएवढा घ्यायचा आणि पेन्सिलीच्या बोथट टोकानं सरकवायचा. आधी हनुवटी, मग गाल, मग कपाळ, आणि मानेत काडी, नाहीतर डोकं लटकतं. असं बिनचेहऱ्याचं पिशवीभर माणूस दर गुरुवारी थोरलीकडे यायचं आणि पुढच्या गुरुवारी डोळे, तोंड, केस घेऊन दुकानात जायचं. कुणी कुणाचं काम करायला जात नसे. जमतही नसे.

धाकटी टेबलापाशी जाऊन बसली. तिथे मागच्या खेपेच्या, अजून बिनचेहऱ्याच्याच बाहुल्या होत्या आणि त्यांत एक अर्धवट. एक डोळा झालेला. त्याच दोऱ्याची लांब सुई बाहुलीच्या गालात खोचलेली. तो डोळा जरा सैल वाटत होता, पण बघत होता.

"दुकानदार भेटला वाटेत," धाकटी म्हणाली. "मोठ्या जागेत जातोय. दर्शनी खिडकीत आपल्या बाहुल्यांची अख्खी गल्ली मांडायची म्हणत होता. आता म्हणतो, चेहरे कोण करणार सांगा, नाहीतर मी साच्यातल्या आणतो." ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. "सुनेच्या घरात माझी म्हणून एवढी बाहुल्यांची टोपलीच आहे भाऊजी. टोपली गेली की मी दिवसभर भाजी निवडायची आणि टीव्हीचा आवाज कमी-जास्त करायचा."

मास्तर खोलीत येरझारा घालत होते. थांबले. "मी करतो."

"काय?"

"चेहरे."

धाकटी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. "तुम्ही? भाऊजी, तुमचं शिवणं म्हणजे म्हशीला दावं लावल्यासारखं!"

"सुई ती सुई."

"बरं, सुई ती सुई. बघू तुमची सुई."

पुढच्या चार दिवसांत मास्तरांनी जुन्या कापडाची डोकी भरून त्यावर डोळे काढून बघितले. कारखान्यातल्या बटणाच्या गादीचं तंत्र त्यांना पाठ होतं. लांब सुई आरपार घालायची, दोरा ओढायचा, मागे गाठ मारायची, पुढे खड्डा पडतो. डोळ्यालाही तसाच खड्डा हवा होता. पण एक डोळा आत जायचा तर दुसरा वर यायचा. दुसरा ओढला की पहिला रुसायचा. धाकटी बघायला आली आणि डोकी हातात घेऊन एकेकीची ओळख करून देऊ लागली.

"हिची दाढ दुखतेय. ही सासूला बघून गप्प झालीय. आणि ही, अगं बाई, हिला तर कुणीतरी जिन्यावरून ढकललंय."

"हसू नको."

"हसू नको तर काय करू? रडून झालं." तिनं डोकी खाली ठेवली. "ताई कशी करायची, कधी बघितलं नाहीत?"

"समोर असायचो. बघितलं नाही."

ती गेल्यावर मास्तर पुन्हा चालू लागले. खिडकी ते दार, दार ते खिडकी. अर्धवट बाहुली टेबलावर होतीच. आता मास्तरांच्या धंद्यात एक पद्धत आहे. दुसऱ्यानं मढवलेली खुर्ची कशी मढवली हे कळायचं तर बाहेरून कितीही बघा, कळत नाही. ती उसवायची. शेवटचा टाका आधी, मग त्याच्या आधीचा, मग त्याच्या आधीचा. काढलेलं ओळीनं मांडून ठेवायचं. खुर्ची सगळी उघडली की ज्यानं ती केली त्याचा हात कळतो. हे मास्तरांनी हजार वेळा केलं होतं, आणि त्या दुपारी ते करताना त्यांना वेगळं काही वाटलं नाही. हाताला काम मिळालं एवढंच वाटलं.

त्यांनी बाहुली उजेडाकडे धरली, बारीक कात्रीचं टोक टाक्याखाली घातलं आणि सुरुवात केली.

हळूहळू दोऱ्याची वाट उलटी उलगडत गेली. सुरुवात मानेच्या वर, जिथे नंतर केस येऊन गाठ झाकली जाते. तिथून सुई डोक्यातून आरपार डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात. मग वरची पापणी, आखूड टाक्यांची, मधला टाका केसभर उंच. मग बुबुळ, कडेकडून आत भरत आणलेलं. आणि मग सुई परत डोक्यातून मागे, कानाच्या जागी. तिथे गाठ नव्हती. दोरा नुसताच बाहेर काढून, वळवून पुढे गालात आणून ठेवलेला. मास्तरांना आधी तो हलगर्जीपणा वाटला. ती असं सैल कधी सोडत नसे. मग त्यांनी उरलेला दोरा बोटावर मोजला आणि त्यांच्या लक्षात आलं. तो दुसऱ्या डोळ्यापुरता होता. ती दोन डोळे वेगळे करतच नसे. एकाच दोऱ्यावर दोन्ही, आणि ते झाले की मागची दोन टोकं एकदम ओढायची. म्हणून तिच्या बाहुल्यांचे डोळे सारखे आत जायचे. पहिला डोळा दुसरा होईपर्यंत सैलच असायचा.

"अगं, कळलं!" मास्तर स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले.

तिकडून काही आलं नाही. ते जरा वेळ तसेच वळून बसले. मग टेबलाकडे बघितलं. टेबलावर काळ्या दोऱ्याचे वाकडे झालेले तुकडे ओळीनं मांडलेले होते, आणि बाहुलीच्या चेहऱ्यावर डोळ्याच्या जागी नुसती भोकं.

नेमकी तेव्हाच धाकटी छत्री विसरली म्हणून परत आली. दार उघडंच होतं.

"ताईचा डोळा कुठाय?"

"उसवला."

"का?"

"कसा केलाय ते बघायला. कळलं मला, इकडे ये, हे बघ, एकाच दोऱ्यावर..."

"भाऊजी." ती टेबलापाशी आली नाही. "ताईनं हातानं केलेलं शेवटचं होतं ते."

मास्तरांनी कात्री खाली ठेवली.

"तुमची फाटकी खुर्ची होती का ती? मला विचारायचं होतं. मी नको म्हटलं असतं. म्हणूनच नाही विचारलंत ना?"

"तसं नाही गं. लक्षातच आलं नाही."

"हेच. हेच तर म्हणतेय मी." तिनं छत्री उचलली. पिशवी तिथेच राहिली. जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

मग मास्तर डोळेच करत राहिले. खाली गिऱ्हाइकानं हाका मारल्या तरी गेले नाहीत. पहिल्या दोन बाहुल्या बिघडल्या, तिसरी बरी झाली, पुढच्या सरळ आल्या. मागची टोकं ओढताना कापड किंचित कुरकुरतं, तिथे थांबायचं, हे हाताला आपोआप कळलं. धाकटीनं आणलेल्या सगळ्या बाहुल्यांचे डोळे झाले. उसवलेल्या बाहुलीचेही त्यांनी त्याच भोकांतून केले. नीट झाले. पण बाजूच्या बाहुल्यांत ती आता वेगळी ओळखू येत नव्हती, आणि त्यांना ते बघवेना. त्यांनी तिला मुद्दाम मधे कुठेतरी बसवलं.

राहिलं तोंड. मास्तरांनी सरळ रेघ घातली तर बाहुली रागावलेली दिसे. कोपरे वर घेतले तर फोटोवाल्यानं हसा म्हटल्यासारखी. थोरलीच्या बाहुल्यांचं तोंड यातलं काहीच नसे. आता काहीतरी बोलेल असं वाटून समोरचा माणूस थांबायचा. तिथेही आतून कुठेतरी दोरा ओढलेला असणार, पण कुठून कुठे, ते कळायला झालेलं तोंड हवं होतं. दुकानात विचारलं, तर जुन्या बाहुल्या केव्हाच विकून संपलेल्या.

पुढच्या गुरुवारी धाकटी आली ती रिकाम्या हातानं. पिशवी न्यायला आलेय म्हणाली. मग तिची नजर टेबलावर गेली आणि ती उभी राहिली. एक बाहुली उचलली, डावीकडे नेली, उजवीकडे नेली.

"बघतेय ही," ती म्हणाली. मग हनुवटीवर बोट ठेवून, "तोंड?"

"जमत नाही. नमुना नाही."

धाकटी तशीच निघून गेली. मास्तरांना वाटलं, आता ही येत नाही. ते पुन्हा खिडकी ते दार करू लागले. पण तासाभरानं ती धापा टाकत जिना चढून आली आणि पदराखालून एक जुनी बाहुली काढून टेबलावर ठेवली. रंग उडालेली, एका हाताचा कापूस गोळा झालेला. चेहरा मात्र शाबूत.

"माझ्या लग्नात ताईनं दिलेली. म्हणाली होती, तुझं तोंड काही मिटत नाही, म्हणून हिचं मिटवून देतेय."

मास्तरांना हसू आलं आणि लगेच गेलं, कारण धाकटीनं बारीक कात्री उचलून त्यांच्यापुढे सरकवली होती.

"उसवा."

"अगं, पण त्या दिवशी तूच..."

"माझा राग गेलेला नाही. तरी उसवा. दुकानदार शनिवारी खिडकी मांडणार आहे."

मास्तरांनी बाहुली घेतली. उजेडाकडे धरली. ओठांचा शेवटचा टाका डाव्या कोपऱ्यात होता, स्पष्ट दिसत होता. कात्रीचं टोक त्याखाली गेलं. बोटं मिटायची तेवढी राहिली. हजार खुर्च्या उसवलेली बोटं, पण मिटेनात. त्यांनी कात्री काढली, बाहुली फिरवली, केसांत बोट घालून मागे गाठ लागते का चाचपली. लागली. पण गाठ लागून काही कळत नाही. पुन्हा कात्री घातली. पुन्हा काढली.

"तू उसव," ते म्हणाले.

धाकटीनं कात्री घेतली. बाहुलीच्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ. मग कात्री टेबलावर ठेवून दिली.

"चहा टाकते," ती म्हणाली.

चहा होईपर्यंत मास्तर बसले नाहीत, पण चाललेही नाहीत. खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते.

शनिवारी दुकानदारानं खिडकीत साच्यातल्या बाहुल्या बसवल्या. गुळगुळीत, एकीसारखी एक. फोनवर म्हणाला, "मास्तर, खिडकी गेली. पण आतली एक फळी तुमच्यासाठी मोकळी ठेवतो. तोंडं झाली की आणा, बिनतोंडाच्या कोण नेणार?" धाकटीनं हे ऐकून दुकानदाराला ठेवणीतली एक शिवी दिली. पण पुढच्या गुरुवारी ती पिशवी घेऊन आली. जुनी बाहुली समोर उभी करून दोघं चिंध्यांवर ओठ शिवून बघतात. ती म्हणते, दोरा गालातून जात असणार. मास्तर म्हणतात, हनुवटीखालून. भांडण होतं, चिंधी वाया जाते, दुसरी घेतात.

अजून जमलेलं नाही. डोळे सगळ्यांचे झाले आहेत. तोंडं करायची राहिली आहेत.