शबानाच्या हाती आलेले चाक

मित्रांनो, मी एक जुने चाक आहे. पण आज मला पाहिलेत, तर तुम्हाला ते खरे वाटणार नाही. मी अॅल्युमिनियमचे. कारखान्यात मला घासून घासून आरशासारखे केले आणि त्या चकाकीवर पारदर्शक लाखेचा पातळ थर फवारला. तो थर म्हणजे माझे कवच.

लोणखेड्याच्या भूपेशने मोठ्या हौसेने आम्हा चार चाकांना आपल्या जीपला बसवले. तो शहाद्याहून धडगावला प्रवासी नेत असे. घाटात समोरून येणारे चालक ओरडत, "भूपेशभाऊ, चाकं देखीसनच गाडी वळखू येस!" तेव्हा मी आणखी ऐटीत फिरे.

पण घाटातले खडे उडून माझ्या कवचाचे टवके निघाले; एक दगड तर आतल्या बाजूला घाव करून गेला. आत पाणी शिरले. थराखाली केसासारख्या पांढऱ्या रेषा पसरू लागल्या. त्यातच एकदा गाडी धुणाऱ्या कुणीतरी फरशी धुवायचे तेजाब, म्हणजे अॅसिड, माझ्यावर ओतले. भराभर फेस आला. मला वाटले, आता मी लख्ख होणार! फेस ओसरला, तेव्हा मी राखेसारखे दिसत होते.

"आते हाई भंगारमा देऊत," भूपेश म्हणाला.

त्याची बायको शीला म्हणाली, "पहिले शबानाले दखाडा. मन्हा भांडास्ले तीच पॉलिश करस."

शबाना ही शहाद्याच्या इद्रिसचाचांची मुलगी. चाचांनी चाळीस वर्षे पितळेच्या आणि अॅल्युमिनियमच्या भांड्यांना पॉलिश केले होते. आता घरोघरी स्टील आले, चाचांचे हात थरथरू लागले आणि पॉलिशचे मशीन दिवसचे दिवस बंद राहू लागले. ते विकायचा शब्द चाचांनी एकाला दिला होता. रविवारी तो टेम्पो घेऊन येणार होता. शबानाला मात्र मशीन जाऊ द्यायचे नव्हते. तिला चाकांचे काम करायचे होते.

माझ्यावरचा टायर काढताना चाचांच्या शेजारचा गॅरेजवाला उमाकांत हसला. "शबाना, हाई काय तपेलं शे का?"

शबानाने भूपेशला एवढेच सांगितले, "भाऊ, तीन दिन द्या. करी देसू."

पहिल्या दिवशी सारे बिघडले. भांड्यासारखे तिने मला सरळ मशीनवर धरले. माझा उरलासुरला थर भाजला, चिकट झाला आणि माझ्या अंगावर पिवळट डाग पडले. "बेटी, जल गया," चाचा हळूच म्हणाले. शबानाच्या डोळ्यांत पाणी आले. ती माझ्यापुढे उकिडवी बसली आणि नखाने एक कड खरवडू लागली. कांद्याच्या सालीसारखा एक पारदर्शक पापुद्रा तिच्या बोटाला चिकटला.

ती एकदम उठली. "अब्बा, मैं धातू को नहीं, उसके ऊपर की लाख को घिस रही थी!"

दुसऱ्या दिवशी तिने दार सताड उघडे ठेवले, हातमोजे घातले आणि मला रंग काढायचे औषध लावले. जुना थर सुरकुतून वर आला. मला स्वच्छ धुऊन ती पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घासू लागली. आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. मधल्या आऱ्यांच्या कोपऱ्यांत मशीन पोहोचेना, तिथे तिने बोटाला पेपर गुंडाळला. चाचा शेजारी स्टूलवर बसून मशीनचा नुसता आवाज ऐकत होते. "दबा मत. गरम हो रहा है," ते म्हणाले, की ती लगेच हात सैल सोडे.

संध्याकाळी मी असे झळकले, की चाचा म्हणाले, "बस, हो गया."

"नहीं अब्बा. ऐसा ही छोड़ा, तो फिर काला पड़ेगा."

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने धूळ खाली बसावी म्हणून जमिनीवर पाणी शिंपडले, माझ्यावरचा तेलकटपणा पुसला आणि पारदर्शक लाखेचे तीन पातळ हात दिले. प्रत्येक हात वाळेपर्यंत तिने मला कुणाला शिवू दिले नाही.

रविवारी मशीन न्यायला टेम्पो आला आणि त्याच्यामागोमाग भूपेश. माझ्याकडे पाहून तो म्हणाला, "हाई मन्हं नही. मन्हं चाक कोठे शे?"

शबानाने मला उलटे करून आतल्या बाजूचा दगडाचा जुना घाव दाखवला. भूपेशने त्यावरून बोट फिरवले आणि तो इतक्या मोठ्याने हसला, की उमाकांत गॅरेजमधून पळत आला. "उमाकांत, बाकीना तीन बी उतराव!"

इद्रिसचाचा काठी टेकत टेम्पोवाल्यासमोर उभे राहिले. "माफ करना भाई. मशीन नहीं देनी. मेरी बेटी को काम है."

टेम्पो रिकामा परतला. मित्रांनो, कारखान्यातून बाहेर पडताना झाला नव्हता एवढा आनंद मला त्या क्षणी झाला!

आता धडगावच्या जीपवाल्यांचीही चाके शबानाकडे येतात. तुम्हाला माझे एवढेच सांगणे आहे. आम्हाला तेजाब लावू नका. गाडी सावलीत निवू द्या, मग साधा साबण आणि मऊ फडके पुरे. टवका उडाला, तर तो वेळीच दाखवा. आणि आमच्यातले कुणी काळवंडलेच, तर भंगारात टाकण्याआधी बिघडले काय, वरचा थर की आतला धातू, एवढे शांतपणे पाहा. शबानाने तेवढे पाहिले, म्हणून मी आज सातपुड्याचा घाट ऊन झेलत, झळकत चढते आहे.