शिबिराचा गुरुवार

आशालताला जाऊन सहा महिने झाले होते. जेवण, झोप, कॉलेजातली लेक्चरं सगळं चालू होतं, पण आतून मी बधिर झालो होतो. हवीशी वाटत होती ती एकच गोष्ट. यंदाचं रक्तदान शिबिर तिच्या नावाने व्हावं आणि भरगच्च व्हावं. तिच्या आजारपणात आमची मुलं एका निरोपावर पनवेलच्या रक्तपेढीत धावली होती. ती वाचली नाही, पण त्या रक्तावर तिला एक उन्हाळा जास्त मिळाला.

एन.एस.एस. माझ्याकडेच. वर्गावर्गात फिरलो. भाषण ठोकायचं त्राण नव्हतं. "माझ्या बायकोला तुमचं रक्त चढलं होतं. आता आणखी कुणाच्या तरी बायकोसाठी या," एवढंच म्हणालो. मुलींनी भराभर नावं दिली. उरणच्या कोळीवाड्यातली कोमल सगळ्यांत पुढे. नंतर रक्तपेढीने दोन तारखा सुचवल्या, त्यातली आधीची मी घेतली आणि बोर्डावर लावली.

शिबिराच्या दिवशी हॉलमध्ये खाटा मांडल्या, बिस्किटांचे पुडे आले. मुलं आली थोडीफार, तीही एकमेकांना ढकलत. मुली मात्र दाराशीच घोळका करून उभ्या. मी वैतागलो.

"घाबरता कसल्या? एरवी तर तोंडाचा पट्टा चालू असतो!"

कोमल पुढे आली. "घाबरत नाय, सर. आज मार्गशीर्षातला गुरुवार हाय. आमाला सगळ्यांना उपास हाय."

"उपाशीपोटी मी कुणालाही घेणार नाही," रक्तपेढीचे डॉक्टर टेबलामागून म्हणाले.

"मग तारीख लागली तेव्हा तोंडं शिवली होती का?" मी ओरडलोच.

"बाईंच्या नावाचं शिबिर," कोमल खाली बघत म्हणाली. "तुमाला कसं सांगायचं?"

मार्गशीर्ष लागल्याचं मला कळलंच नव्हतं. कळणार कसं? दर वर्षी बुधवारी संध्याकाळी आशालता मला बाजारात पिटाळायची. पाच झाडांच्या डहाळ्या, नारळ, वेणी. मी कुरकुरत जायचो, काहीतरी विसरून यायचो आणि पुन्हा जायचो. यंदा कुणी पिटाळलं नाही, म्हणून माझ्या घरात गुरुवार आलाच नाही. तिच्या नावाचं शिबिर मी तिच्याच उपासाच्या दिवशी ठेवलं होतं. स्वतःचा भयंकर राग आला.

"माझं तरी घ्या," म्हणत मी खाटेवर आडवा झालो.

"सकाळी काय खाल्लंत?" डॉक्टरांनी विचारलं.

आठवेना. चहा घेतला असावा. आदल्या रात्रीचंही नीट सांगता येईना.

"मग उठा. तुम्हीही उपाशीच."

मुली हसल्या. कोमलने पिशवीतून डबा काढला आणि माझ्यापुढे धरला. "साबुदाण्याची खिचडी हाय, सर. खावा."

डॉक्टरांनी मान वर केली. "तुम्ही उपासाला हे खाता? मग आधी बोलायचं ना! पोटभर खा, जरा वेळ बसा, मग घेतो. ज्यांचा कडक उपास आहे त्यांनी मात्र येऊ नका."

दोघीतिघी मागे सरल्या. बाकीच्यांनी तिथेच जमिनीवर बैठक मारली आणि भराभर डबे उघडले. मी कोमलच्या डब्यातला एक घास घेतला.

आशालता खिचडीत बटाटा घालायची नाही. साबुदाणा गिचका होतो म्हणायची. मी दर गुरुवारी वाद घालायचो आणि दर गुरुवारी हरायचो. कोमलच्या खिचडीत बटाटा होता, भरपूर. भर हॉलमध्ये, मुलांसमोर, मी हमसून हमसून रडायला लागलो. सहा महिन्यांत पहिल्यांदाच.

"तिखट लागली का, सर?" कोमल घाबरली.

"नाही ग. बटाटा आहे यात."

"काढू का बाजूला?"

"राहू दे," मी म्हणालो, आणि डबा तिच्यापुढे सरकवला. "तूही खा. तुलाही रक्त द्यायचंय."