निदान रेषा

नयनच्या बाळंतपणात सुटलेली कबड्डी मी पुन्हा धरली ती सासूबाईंच्या जिवावर. पोर दुपट्यावर निजली की मी महागावच्या मैदानावर पळायला जायची. दम परत आला, मांड्या भरल्या, पोट आत गेलं. शाळेपासून मला खेळ शिकवणाऱ्या गझाला मॅडम म्हणाल्या, गाडी तयार आहे, आता यवतमाळ. तिथल्या निवड सामन्यातून जिल्ह्याचा संघ ठरणार होता. मला त्यात यायचंच होतं.

पण पहिल्याच चढाईला पाय अडला. समोरच्या कुणाला शिवलं नाही, तर त्यांच्या अंगणातली निदान रेषा तरी ओलांडावी लागते. नाहीतर चढाई करणारी बाद. मी दम घुमवत फक्कीच्या त्या पांढऱ्या रेघेपर्यंत गेले आणि पाऊल आपोआप कडेने वळलं. पुढच्या चढाईलाही तेच. मध्यंतरात मॅडमनी पोटऱ्या दाबून पाहिल्या. पेटका नाही, लचक नाही.

"अंगात तर काई खोट नाही. मग अडते काहून?"

मला तरी कुठे ठाऊक होतं! नयनला मांडीवर घेऊन कडेला बसलेल्या सासूबाई, इंदुताई, एकदम हसायला लागल्या. मला रागच आला.

"घरी दुपट्याले वळसा घालते ना, तशीच फिरून राह्यली तू," त्या म्हणाल्या.

खरंच की. निजलेल्या लेकराला ओलांडू नये, वाढ खुंटते, हे त्यांनीच मला बजावलेलं. एकदा दूध उतू चाललं म्हणून मी धावत नयनवरून गेले, तर दोष फिटावा म्हणून त्यांनी मला तस्संच उलटं ओलांडून यायला लावलं होतं.

"पोरगी माह्यापाशी हाय. तिथं कोणी निजलं नाही. अन् तरीबी मनात आलं, तं वलांड अन् परत वलांडून ये. फिटलं."

मॅडम म्हणाल्या, इंदुताई, चढाई म्हणजे तरी दुसरं काय असतं?

मग मी ओलांडली. कोपऱ्यातलीला शिवले, दुसरीने घोटा धरला, तिला तशीच ओढत मध्यरेषेवर बोटं टेकवली. त्यानंतर पाय एकदाही अडला नाही. संध्याकाळी संघाची नावं पुकारली, त्यात माझंही होतं, निकिता. नयनने टाळ्या ऐकून भोकाड पसरलं.

घरी आल्यावर तिला दुपट्यावर निजवलं. पलीकडे माझा फोन वाजायला लागला. सासूबाई दारातून म्हणाल्या, "जाय ना आता वरून, जिल्ह्याची खेळाडू हायेस."

मी वळसा घालूनच गेले.