त्याचं जेवण होईपर्यंत

हे लिहिणार नव्हतो. दोनदा टाईप केलं, दोनदा उडवलं. इकेरला त्याच्या देशात परत जाऊन महिना झाला. धनगरवाड्यावर त्याचं नाव निघालं की सगळे गप्प होतात, मीपण होतो. असंच गप्प राहिलो तर जो तो आपल्या सोयीनं आठवत बसेल. म्हणून लिहितोय, जसं झालं तसं.

मी साबीर. पौडचा. पिकअप चालवतो. इंग्रजी यूट्यूबवर शिकलो, एवढ्या भांडवलावर वाड्यावस्त्यांवर पाण्याचं काम करणाऱ्या संस्थेच्या उज्वलाताईंनी मला इकेरसोबत जोडून दिलं. इकेर स्पेनचा, बिल्बाव शहरातला. पाण्याच्या लायनीचं काम शिकलेला. स्वतःच्या खर्चानं आमच्याकडे फुकट राबायला आला होता. माले गावाच्या वर डोंगरात धनगरवाडा आहे, तिथं झऱ्याचं पाणी टाकीत अडवून घरांपर्यंत पाईप न्यायचा होता. इकेर राहायचा तुकाबाईच्या घरात. तुकाबाई, तिचा मुलगा जोतिबा, सून सोनिया, आणि मेंढरं.

सुरुवातीला त्याचे लई हाल झाले. हा उजाडायच्या आत बूट घालून झऱ्यावर उभा. गवंडी यायचा ऊन डोक्यावर येता येता. आला की आधी चहा. चहा संपतोय तोवर कुणाची तरी मेंढी व्यायला अडलेली, की सगळे तिकडं. इकेर मला म्हणायचा, "साबीर, विचार ना त्यांना, काम नक्की सुरू कधी होणार?"

मी विचारायचो. जोतिबा म्हणायचा, "सुरूच हाय की!"

तुकाबाई तोंडाला पदर लावून हसायची. "ह्या पोराच्या बुडाला चटका बसलाय का? जरा टेक म्हनावं."

एक दिवस वैतागून त्यानं हातातला पाना झाडीत भिरकावला. दुसऱ्या दिवशी सगळा वाडा पाना शोधत होता. म्हाताऱ्या, पोरं, दोन कुत्री. त्या दिवसाचं काम तेवढंच. शेवटी पाना सापडला करवंदीच्या जाळीत, आणि पहिला हसला तो इकेरच.

तिथून तो निवळत गेला. संध्याकाळी मेंढरं परत यायच्या वेळेला तुकाबाईच्या शेजारी दगडावर जाऊन बसायला लागला. ती लोकर निवडायची, हा त्यातल्या काड्या काढायचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि दोघांचं काही अडत नव्हतं. त्याचं मराठीपण तिच्याकडून आलेलं. मला चक्क "लई न्हाई, थोडं दे" म्हणायचा. तिला आये म्हणायचा.

रेंज फक्त एका खडकावर यायची. रविवारी तिथं चढून तो वडिलांना फोन लावायचा. वडील बंदरावर क्रेन चालवायचे, आता रिटायर झालेले. "माझा बाप उभ्यानं जेवायचा," इकेर सांगायचा. "आमचं बोलणं दोन मिनिटांत संपतं." एका रविवारी मात्र तो खडकावरून धावतच खाली आला. म्हणाला, "बाबांनी विचारलं, या आठवड्यात काय केलंस? मी म्हटलं, बसलो. तर ते हसले, साबीर! म्हणाले, आलास की मलापण शिकव कसं बसतात ते." दिवसभर तो ते सगळ्यांना सांगत फिरला. मला चार वेळा भाषांतर करायला लावलं.

त्या दिवशी टाकीला आतून सिमेंट मारायचं होतं. मी गोण्या घेऊन गेलो. गाडी खालीच लावावी लागते, पुढं पायवाट. एक गोण खांद्यावर मारून वर पोचलो तर दुपार कलायला लागलेली आणि टाकीवर माणूस नाही. घमेली, थाप्या धुऊन उपड्या घातलेल्या.

घरात इकेर अंघोळ करून, केस विंचरून जेवायला बसलेला.

"ये साबीर, ये! आज तुकाबाईनं काम बंद केलं. मला म्हणाली अंघोळ कर. मी का म्हणून विचारलंसुद्धा नाही." त्याला स्वतःचंच कौतुक वाटत होतं. त्याला वाटलं, आता आपल्याला निवांत बसणं जमलं.

तुकाबाई समोर बसून त्याच्या ताटात भाकरी कुस्करत होती. पिठलं, लसूण, वाटीभर दूध. "घे. अजून येक घे."

"लई झालं, आये."

"लई न्हाई. खा."

बाकी कुणापुढंच ताट नव्हतं. सोनिया भिंतीकडं तोंड करून पदरानं डोळे पुसत होती. मला वाटलं धूर, पण चुलीत तर जाळ नव्हता. जोतिबानं मला मानेनंच बाहेर बोलावलं.

"काय रे?"

"त्याचा बाप गेला."

"कुणाचा?"

"इकेरचा. मी मेंढराच्या डाक्टरला फोन लावाया खडकावं गेल्तो, तवाच उज्वलाताईंचा आला."

"कधी?"

"सकाळच्याला."

"सकाळी? आणि आत्ता सांगतोस?"

"आये म्हनली, उपाशी पोटी सांगू नगा. तिचा भाव गेला तवा तिला तसंच सांगितलं व्हतं, मग तीन दिस घास उतरला न्हाई तिच्या नरड्याखाली. म्हनली, आंगुळ होऊ द्या, पोटात चार घास जाऊ द्यात, मग म्याच सांगते."

"ताई अजून काय म्हणाल्या?"

"खाली धाडा म्हनल्या. रातचं इमान हाय म्हनल्या. मग तुटला फोन." माझं तोंड बघून तो चाचरला. "आरं, पन येकुलता येक हाय त्यो. त्याच्याबिगर कोन उचलनार बापाला? थांबत्याल की!"

हे तो अगदी मनापासून बोलला. त्यांच्यात थांबतात. पोरगा सुरतेला असो नाहीतर कुठं, तो येईपर्यंत अंगणात माणसं बसून राहतात. आमच्यात थांबत नाहीत. माझे आजोबा गेले तेव्हा आत्या रत्नागिरीहून निघालेली, ती पोचली तोवर सगळे कब्रस्तानातून घरी आले होते. आणि इकेरनं मला एकदा बोलता बोलता सांगितलेलं, त्याच्या आजीचं दुसऱ्याच दिवशी सगळं उरकलं होतं.

मी आत गेलो. तुकाबाईनं माझ्याकडं पाहिलं, तिला कळलं.

"साब्या, त्येचं दूध राहिलंय."

"नाही थांबता येणार, तुकाबाई."

मी त्याला इंग्रजीत सांगितलं. वडील गेले, सकाळी फोन आला. आडवळणं घेण्याएवढं इंग्रजी मला येतच नाही.

त्याच्या हातात घास होता. तो त्यानं ताटात परत ठेवला, कडेला, नीट. मग एकेकाकडं बघितलं. जोतिबा, सोनिया, तुकाबाई.

"सकाळी?" मराठीतच म्हणाला. "समद्यांना माहीत होतं?"

तुकाबाईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला हात पुढं केला. त्यानं डोकं मागं घेतलं.

पासपोर्ट, बॅग, एवढंच घेऊन आम्ही उतरलो. तुकाबाई अनवाणी मागं येत होती, अर्ध्या उतारापर्यंत. "साब्या, त्येला सांग, म्या आय म्हनून केलं! सांगशील का रं?" मी गाडीत बसल्यावर सांगितलं. इकेर म्हणाला, "गाडी चालव."

खाली रेंज आली तसे फोनवर ताईंचे मिस कॉल बदाबदा पडले. तिकीट काढलेलं होतं. दफन उद्या सकाळी तिकडच्या वेळेनं. आज बसला तरच पोचणार होता. त्या बिचाऱ्या धरून चालल्या होत्या की आम्ही कधीच निघालोय.

पौडवरून चांदे, चांद्यावरून हिंजवडी, म्हणजे एक्सप्रेस-वे लवकर मिळेल, असा माझा हिशेब. पण कंपन्या सुटल्या होत्या. बसमागं बस, आणि सगळे हॉर्न देतायत. मी फुटपाथवरून घातली, शिव्या खाल्ल्या, परत अडकलो. इकेर समोर बघत होता.

"मी खात होतो," तो म्हणाला. "मी खात होतो आणि ते बघत होते."

मी म्हटलं, "त्यांच्यात तसं..." खरं तर आमच्यातपण तसंच आहे. वाईट बातमी कोण थेट सांगतं? 'तब्येत जरा जास्त आहे, ये' एवढंच सांगून माणसाला गाडीत बसवतात.

विमानतळावर तो बॅग घेऊन पळाला. मी गाडी लावून पोचेपर्यंत तो बाहेर येताना दिसला. चालत. काउंटर बंद झाला होता, विमान अजून उडालंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशीचं तिकीट मिळालं. रात्रीपुरते पनवेलला माझ्या खालाकडं, म्हणजे मावशीकडं गेलो. तिनं वरणभात वाढला. इकेरनं ताटाला हात लावायच्या आधी मला विचारलं, "अजून काही सांगायचं राहिलंय का?" चिडून नाही, खरंच विचारलं. मी नाही म्हटलं. तरी तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही विमानतळाच्या पार्किंगमध्ये, पिकअपच्या केबिनमध्ये बसलेलो. मोबाईल डॅशबोर्डला टेकवून ठेवला होता. तिकडं त्याची चुलतबहीण व्हिडिओ कॉल धरून उभी. वाऱ्याचा घुं घुं आवाज, छत्र्या, त्याची आई, काळा कोट. त्यांच्याकडं जमिनीत पुरत नाहीत म्हणे. भिंतीत कप्पे असतात, त्यात पेटी सरकवतात. पेटी आत गेली. मग निळ्या कपड्यातला एक गवंडी पुढं आला, विटा रचल्या, थापीनं सिमेंट ओढलं. सराईत हात. मध्येच चित्र अडकलं, परत सुरू झालं तोवर भिंत बंद झाली होती.

"लई घाई करतोय," इकेर मराठीत म्हणाला. आणि मग रडला. पहिल्यांदा. मी काच वर केली, एवढंच सुचलं.

मग तो तोंड धुऊन आला, बॅग काढली.

"तुकाबाई विचारेल," मी म्हटलं. "काय सांगू?"

"मी रागावलोय. ते तिला सांग, खोटं काही सांगू नकोस." बॅगेचा पट्टा तो उगीचच ओढत राहिला. "आई एकटी आहे आता. मला परत यायला जमेल की नाही, माहीत नाही."

"हं."

"ती म्हातारी आहे, साबीर. तिला काही झालं तर मला सांगशील? लगेच. सकाळी कळलं तर सकाळी. मी कुठं आहे, जेवलोय का, काही बघू नकोस."

मागून रिक्षावाला हॉर्न मारत होता. मी इकेरचा हात हातात घेतला.

"लगेच सांगीन," मी म्हणालो. "जोतिबाला विचारणार नाही, ताईंना विचारणार नाही. पहिला फोन तुला."