इतिवृत्तात नसलेली माफी

चेतननं मयुरीची माफी मागितली, खुर्ची मागे सरकवली आणि तो केबिनबाहेर गेला. दार लागलं, तशी ही माफी मागितली गेलेलीच नाही, असं दुकानाच्या महिला तक्रार समितीनं एकमतानं ठरवलं.

एकमत म्हणजे यमुताईंचं. कायद्याला समितीत महिलांच्या प्रश्नांची जाण असलेली बाहेरची व्यक्ती लागते. यमुताई प्रताप नगरात भजनी मंडळ चालवत, आणि मंडळात सगळ्या महिलाच होत्या. दुकानाचे मालक भैयाजी त्यांचे मेहुणे. पण त्या राहत वेगळ्या घरात, म्हणजे बाहेरच्याच.

"माफी लिहिली की काहीतरी घडलं होतं असं होते वं," यमुताई म्हणाल्या. "मंग ते निस्तरत बसा. पोरानं मान खाली घातली ना? काहून वाढवतं?"

सुनावणी चेतनच्याच केबिनमध्ये होती, कारण मे महिना होता आणि सीताबर्डीच्या त्या साड्यांच्या दुकानात वरच्या मजल्यावर एसी तिथंच होता. तक्रारीत लिहिलेलं सगळं याच खोलीत घडलं होतं. 'गार आहे, आरामात सांग,' असं मयुरीला बसवतानाच सांगण्यात आलं होतं.

अध्यक्षपद शोभाताईंकडे होतं, दुकानात सगळ्यांत जुन्या म्हणून. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"तू पुन्हा सांग, बाई. मले नीट लिहून घेऊ दे."

"नवीन माल आला की आमच्या खांद्यावर टाकून रंग पाहतात, ताई. ते तर कामच आहे. पण साडी काढून घेतली, तरी त्यांचा हात तिथंच राहिला. दर वेळी."

"कोणती साडी होती?" यमुताईंनी विचारलं.

"पैठणी."

"मंग बरोबर आहे. महागाचा माल आहे, धरूनच ठेवा लागते."

शोभाताईंनी हे लिहिलं नाही. त्यांनी वर न बघता विचारलं, "आरशाकडे तोंड करून उभं केलं असंन. तू त्याच्याकडे पाहू नये, पण त्याले तू दिसावी म्हणून."

"हो," मयुरी म्हणाली. मग जरा थांबून, "पण हे मी तक्रारीत लिहिलं नव्हतं, ताई."

शोभाताईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. तो पुसून झाल्यावरही त्या पुसतच राहिल्या.

तेवढ्यात भैयाजी आत आले. ही केबिन पूर्वी त्यांची होती, पुतण्या चेतनला दिली तरी दार वाजवायची सवय त्यांना लागली नव्हती.

"झालं का तुमचं? मयुरीले कामठीच्या गोदामात देऊन टाका. तिथं नुस्ते गठ्ठे राहते, माणूसच नाही. टेन्शनच खतम."

"अन् चेतन?" शोभाताईंनी विचारलं.

"तो कुठं जाईन? केबिन त्याची आहे ना." भैयाजी मनापासून हसले आणि त्यांनी खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला. "करा सही, शोभाबाई. या पोरींले तुम्हीच शिकवा काही. इतकी वर्षं काढली तुम्ही इथं, पण तुमची कधी एक तक्रार नाही!"

यमुताईंनी कौतुकानं मान डोलावली. मयुरी शोभाताईंच्या हाताकडे बघत होती.

शोभाताईंनी बदलीचा कागद पुढे ओढला. सहीची जागा कोरी ठेवून तो उलटा केला आणि पाठीमागे, शाळेत शिकवतात तसा समास सोडून, त्या सावकाश लिहायला लागल्या. सहीला एवढा वेळ कसा लागतो, हे बघायला भैयाजी वाकले.

'प्रति, मा. भैयाजी, मालक.

विषय: आपल्याविरुद्धची माझी तक्रार दाखल करून घेण्याबाबत.

महोदय, तक्रार तीन महिन्यांच्या आत करावी लागते, हे समितीची अध्यक्ष या नात्याने मला माहीत आहे. मला थोडा उशीर झाला. तरी सत्तावीस वर्षांचा विलंब क्षमापित करून सदर तक्रार दाखल करून घ्यावी, आणि तिची सुनावणी होईपर्यंत आपण कृपया बाहेर बसावे, ही नम्र विनंती.'