भिंतीतून गेलेली ऊब

मित्रांनो, नेदरलँड्समधल्या आर्नहेम शहरात एका भाड्याच्या घराला ऊब देणारा मी जुना गॅस बॉयलर. स्वयंपाकघरातल्या कपाटात बावीस वर्षं टांगलेला आहे. नवा होतो तेव्हा माझं पांढरं अंग चकाकायचं, घरमालक पाहुण्यांना मुद्दाम कपाटाचं दार उघडून दाखवायचा. पुढे त्याने माझ्याकडे बघणंच सोडलं.

सहा वर्षांपूर्वी पुण्याहून ज्ञानदा आणि श्रीकांत इथे राहायला आले. हिवाळाभर मी रात्रंदिवस जळायचो. पण उत्तरेची भिंत आतून पोकळ, सगळी ऊब सरळ बाहेर जायची. तिथे काळी बुरशी धरली आणि त्यांच्या लहानग्या गुंजनला खोकला जडला.

गॅसच्या बिलात एक जादा आकार असतो. त्या पैशातून घरांना इन्सुलेशन, म्हणजे भिंतीत ऊब अडवणारा भराव, करून देतात. जितका गॅस जास्त, तितका आकार जास्त, म्हणजे ज्ञानदाला भरपूर. तिने अर्ज केला, तर उत्तर आलं: अर्ज फक्त मालकालाच करता येतो.

तिने मालकाला बोलावलं. चहा घेत तो म्हणाला, "माझं घर मी त्याच योजनेतून करून घेतलं. आता जानेवारीतही नुसत्या शर्टावर बसतो."

"आणि या घराचं?"

"इथे मी कुठे राहतो? तुम्ही फोडण्या कमी करा, वाफ कमी होईल, बुरशी जाईल."

मला शिसारी आली. हिचे पैसे, याची ऊब, आणि वर हिच्याच फोडणीला नावं!

भिंतीवर चिकटवलेला, आता कुजलेला कागद सोलून ज्ञानदाने डब्यात भरला आणि भाडेकरूंच्या तक्रारींसाठी नगरपालिकेने ठेवलेल्या सुनावणीला नेला.

संध्याकाळी तिने श्रीकांतला सांगितलं, "टेबलावर डबा उघडला. म्हटलं, माझी मुलगी रोज हेच हुंगते."

"मग?"

"एका अधिकाऱ्याने नाक दाबलं. एक बाई खिडकी उघडायला उठल्या. मी म्हटलं, आमच्याकडे खिडकी उघडली तरी हा वास जात नाही."

वसंतात पाहणी झाली, मालकाला नोटीस गेली आणि थंडीआधी भिंत भरून झाली. गुंजनचा खोकला बराच उतरला. मीही आता निम्माच जळतो.

नियम मात्र तोच आहे. शेजारच्या भाडेकरू साधनाताई आकार भरतात, बुरशी पुसतात, नकाराचं पत्र वाचतात. त्याची मला आजही किळस येते.

मित्रांनो, मला पुसायचं राहिलं तरी चालेल. पण ज्याच्याकडून उबेचे पैसे घेता, त्याच्या भिंतीला आधी हात लावून बघा.