बाहेरून लागणारी कडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे. वाकडी झालेली. आता मी कुठल्याच दाराला लागत नाही आणि त्याचं मला तिळभरही दुःख नाही.

मला एका लोहाराने घडवलं. तेव्हा त्याची सहा वर्षांची लेक शेजारी बसून बडबडत होती. सदा चिवचिव, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत.

"बाबा, ही कडी कुणाला कोंडायला?"

"तुलाच!" तो हसून म्हणाला.

असं हसू नये माणसाने.

मी कोळशाच्या खोलीला बाहेरून बसले. चोख लागते म्हणून माझं कौतुकही झालं. मग थंडीत चिमणीला मेंदूचा ताप आला. मान लाकडासारखी ताठ, उजेड सोसवेना. त्या काळी या तापातून फार थोडी मुलं वाचत. चिमणी वाचली. "जिवावरचं शेपटावर निभावलं," असं म्हणून डॉक्टर बॅग उचलून गेले. ताप जाताना काय घेऊन गेला, हे पाहायला कुणी थांबलं नाही.

पोर अंधारात झोकांड्या देई. हाक मारली तरी वळत नसे. तिचा आवाज सपाट झाला, मग शब्दही विरत गेले. पण भिंतीपलीकडे घण पडला, की ती माझ्या दारावर मूठ मारी. ठण्, ठण्. धप्, धप्.

"हाकेला दगड, अन् घणाला बरोबर जबाब!" आत्या पदर आवळून म्हणाली. "दादा, हिच्यात दुसरंच कुणी आहे."

"वन्सं, तिला ऐकू येत नाही हो," आई म्हणाली.

"येत नाही? थांब." लोहाराने दाराआडून हाक मारली. शांतता. मग ऐरणीवर एकच घाव घातला.

धप्.

"झालं समाधान? सोंग आहे सगळं!"

त्याच दिवशी कोळसा उपसला, तिला आत घातलं आणि मला लावलं.

मला सगळं ठाऊक होतं. घाव जमिनीतून येई, चौकटीतून चढे आणि तिच्या तळव्यात उतरे. मलाही कान नाहीत, तरी कळायचाच. पण लोखंडाला तोंड कुठलं?

एका सकाळी ती उगाचच दार बडवू लागली. बऱ्याच वेळाने वेड्यांच्या इस्पितळाची गाडी दाराशी थांबली. चाकं तिला आधी कळली होती.

वर्षं गेली. घणाने लोहाराचे स्वतःचे कान गेले. एकदा तो त्या रिकाम्या खोलीच्या दाराला तळवा टेकून उभा होता आणि बायकोने ऐरणीवर हातोडा आपटला. तो दचकला.

"पुन्हा मार."

तिने मारला. त्याने आपल्या तळव्याकडे पाहिलं.

"अगं, तिला ऐकू येत नव्हतं."

"मी तेच सांगत होते," ती म्हणाली. ते त्याला ऐकू आलं नाही.

तो इस्पितळात जाऊन आला. एकटाच आला; चिमणी तिथेच संपली होती. मग त्याने मला उपटलं, ऐरणीवर ठेवलं आणि घाव घातला. त्या घावासरशी रिकाम्या खोलीचं दार आतून वाजलं.

धप्.

आईने ते ऐकलं. मला कळलं. त्याचा हात दारावर नव्हता.

मित्रांनो, आजारातून उठलेलं मूल ऐकत नसेल, तर आधी त्याचे कान बघा, स्वभाव नंतर. कडी लावायला एक बोट पुरतं. मी लागले होते, म्हणून सांगते.